ओटीपी : एक रसग्रहण

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उरणच्या एका बँकेत कारकून. साहित्याशी माझा संबंध व्हाऊचरवरच्या 'तपशील' या रकान्यापुरता. त्या रकान्यात गेल्या वीस वर्षांत मी जे काही लिहिले ते लेखापरीक्षकांखेरीज कोणी वाचलेले नाही, आणि त्यांनीही ते कौतुकाने वाचले असे म्हणवत नाही. तरीसुद्धा आज मी समीक्षा लिहायला बसलो आहे. कारण ज्यांनी ती लिहायची ते लिहीत नाहीत.

मला सांगा, आज महाराष्ट्रात घरोघर सर्वांत आतुरतेने वाचला जाणारा मजकूर कोणता? कादंबरी नव्हे, अग्रलेख नव्हे, राशिभविष्यसुद्धा नव्हे. गॅस बारीक करून, चष्मा शोधून, पोराच्या हातातला फोन हिसकावून घेऊन माणसे जो वाचतात तो मजकूर म्हणजे ओटीपी. घरबसल्या कार्डाने खरेदी करायची तर कार्डावर छापलेली नसेल अशी आणखी एक खूण पटवली पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला, आणि तेव्हापासून हा साहित्यप्रकार फोफावला. पण त्यावर एखादा परिसंवाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यात आता रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६, आणि रोख असा की, बँकांनी एसएमएसच्या ओटीपीवरच विसंबून न राहता इतर मार्गही वापरावेत. म्हणजे अस्ताची चिन्हे आहेत. आपल्याकडे एखादा प्रकार पुरता मेल्याशिवाय त्याच्या सुवर्णकाळावर कोणी लिहीत नाही. तसे ओटीपीचे होऊ नये म्हणून ही घाई.

प्रथम लेखकाचे नाव. जुने कवी टोपणनावाने लिहीत. ओटीपीचा कर्ताही टोपणनावानेच लिहितो. इंग्रजी दोन अक्षरे, मग एक आडवी रेघ, मग बँकेच्या नावातले स्वर गाळून उरलेली सहा अक्षरे. २०२५ सालापासून ट्रायच्या नियमाने या नावाच्या शेपटीला आणखी एक रेघ आणि एक अक्षर आले. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. हे अक्षर मोठे उपयोगाचे आहे. बँकेच्या नावाचा संदेश जर साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला तर तो बँकेचा नव्हे, एवढे त्यावरून समजायला हरकत नाही. आमच्या शाखेत मी पंधरा-वीस जणांना या अक्षरांचा अर्थ विचारून पाहिला. एकालाही सांगता आला नाही. त्यांत एक आमचे मॅनेजर होते.

आता मजकूर. सुरुवात 'डिअर कस्टमर' अशी. मी इतकी वर्षे काउंटरवर बसतो, पण एकाही ग्राहकाला अद्याप 'प्रिय' असे म्हटलेले नाही आणि ग्राहकांनीही मला म्हटलेले नाही. पुढे लगेच सहा आकडे. त्यानंतर 'टीएक्सएन' असा एक शब्द येतो. ट्रान्झॅक्शन या शब्दाचे मांस काढून घेतले की जो सांगाडा उरतो तो हा. मग 'आयएनआर' म्हणजे रुपये, मग रक्कम, मग ज्या दुकानाचे नाव आपण जन्मात ऐकलेले नाही त्या दुकानाचे नाव, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, मग 'हा दहा मिनिटे चालेल', आणि शेवटी, तेव्हा कुठे, 'कोणालाही सांगू नका'. आयुष्य दहा मिनिटांचे. मराठी लेखकाला कालबाह्य व्हायला निदान एक दिवाळी तरी लागते. मी एकदा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसून विजेचे बिल भरायला गेलो. ओटीपी आला तेव्हा धक्का आला होता आणि ओटीपीचे आयुष्य संपले होते.

इथवर सारे ठीक. पण या सगळ्यानंतर, अगदी तळाशी, एक ओळ असते. मोठा एफ, धाकटा के, अधिकचे चिन्ह, नऊ, मोठा क्यू, अशी मोजून अकरा अक्षरे. त्यांना अर्थ नाही, यमक नाही, उच्चार नाही. दुर्बोध नवकवितेलासुद्धा निदान एखादे क्रियापद असायचे. ही ओळ मी शेकडो वेळा पाहिली होती आणि संगणकाची लाळ गळली असेल असे समजून सोडून दिली होती. ती ओळ कोणासाठी आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो गुरुजींना पडला.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत मला सातवीपर्यंत मराठी शिकवणारे गुरुजी. निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षे झाली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनसाठी येतात. स्लिपवरचे 'अक्षरी रुपये' हे त्यांच्याइतके वळणदार दुसरे कोणी भरत नाही. कॅशियरला ती स्लिप दप्तरी लावताना जिवावर येते. ते जुलै २०२५ मधल्या एका सकाळी, पहिला आठवडा नसताना, पावसात भिजत काउंटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, जरा बघ रे. माझ्या खात्यातून एकोणपन्नास हजार पाचशे रुपये गेले."

बँकेत काम करणाऱ्याला अशा वेळी काय बोलायचे ते पाठ असते. मी ते बोलून गेलो. "गुरुजी, तुम्ही कुणाला ओटीपी सांगितलात का?"

गुरुजींनी माझ्याकडे असे पाहिले की मी एकदम सातवीत गेलो. "त्या मेसेजमध्ये 'डू नॉट शेअर' लिहिलेले असते ते मला वाचता येते. मी तो आकडा कोणालाही सांगितलेला नाही. शपथेवर सांगतो."

आणि ते खरे होते.

झाले होते असे. आदल्या दिवशी संध्याकाळी गुरुजींना एक एसएमएस आला. असा एसएमएस गेल्या काही वर्षांत देशभर कित्येकांना आला आहे. मागच्या महिन्याचे बिल आमच्याकडे अद्ययावत झालेले नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा, आणि खाली नंबर. उरणच्या माणसाला हे खोटे वाटणे कठीण. इथे बोकडविऱ्याला ६७२ मेगावॅटचे वायू विद्युत केंद्र आहे, आणि पावसाळ्यात आमच्या देवघरात समईच्या शेजारी मेणबत्तीची जागाही कायम आहे. साडेनऊला वीज जाणार म्हटल्यावर उरणकर 'का' असे विचारत नाही, 'किती वेळ' एवढेच विचारतो.

गुरुजींनी दोन्ही संदेश मला काउंटरवर दाखवले. वर चोराचा, खाली बँकेचा. मी ते एकाखाली एक वाचले आणि त्या क्षणी माझ्यातला समीक्षक जागा झाला. वेळ त्याची नव्हती, पण समीक्षकाला वेळेचे भान असते कुठे?

तौलनिक अभ्यासाला याहून सरस जोडी मिळणार नाही. चोराचाही मजकूर इंग्रजीच, पण त्यातला एकेक शब्द चौथीच्या पोराला कळेल असा. टुनाइट. इलेक्ट्रिसिटी. बिल. त्यात काळ आहे, स्थळ आहे, संकट आहे, आणि संकटातून सोडवणारे पात्रही आहे. साडेनऊ ही वेळ तर केवळ प्रतिभेनेच सुचते. नऊ म्हटले असते तर माणूस जेवण सोडून शेजाऱ्याला विचारायला गेला असता. दहा म्हटले असते तर उद्या बघू म्हणून झोपला असता. आणि इतके असूनही चोराने एक व्याकरणाची चूक केली होती. 'अपडेटेड' लिहायचे तिथे 'अपडेट' लिहिले होते.

"ती चूक मी पाहिली," गुरुजी म्हणाले, "आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. म्हटले, सरकारीच असणार."

गुरुजींनी फोन केला. पहिल्या घंटेला उचलला गेला. 'मराठीसाठी दोन दाबा' नाही, संगीत नाही, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' नाही. एक तरुण माणूस नम्रपणे म्हणाला, "बोला काका, घाबरू नका." माझ्या नोकरीत मी 'घाबरू नका' हे दोन शब्द किती वेळा उच्चारले असतील याचा मी त्या दिवशी हिशेब करून पाहिला. हिशेब फार लवकर झाला.

त्या माणसाने एक अ‍ॅप घ्यायला लावले. त्याने गुरुजींच्या फोनचा पडदा जसाच्या तसा त्या माणसाच्या पडद्यावर दिसू लागला. मग, फक्त दहा रुपये भरा काका, म्हणजे तुमचे नाव यादीतून निघेल. गुरुजींनी कार्डाचा नंबर घातला. ओटीपी आला. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. तो फोनच्या माथ्यावर झळकला आणि तिकडे वाचला गेला. त्याच संदेशात रक्कम होती. एकोणपन्नास हजार पाचशे, ठळक नसली तरी स्पष्ट. पण ती 'टीएक्सएन' आणि 'आयएनआर' यांच्या काट्याकुट्यांत पडलेली. दहा रुपये शोधणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांना ती दिसली तेव्हा खाली पैसे गेल्याचा दुसरा संदेश येऊन बसला होता.

रात्रभर गुरुजी बँक उघडायची वाट पाहत बसले. १९३० या नंबरावर सायबर गुन्ह्याची तक्रार रात्री-अपरात्रीही करता येते, आणि चोरीनंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे बँकेची वेळ. मी काउंटरवरूनच १९३० लावला. पुढे यथावकाश साडेसहा हजार रुपये कुठल्याशा खात्यात अडलेले सापडले आणि परत आले. बाकीचे गेले.

मग अर्ज भरायचा प्रसंग आला. आमचा अर्ज तिन्ही भाषांत छापलेला असतो. (पैसे भरायची स्लिप तिन्ही भाषांत, काढायची तिन्ही भाषांत. दाराशी एक फळाही आहे, त्यावर रोज एक हिंदी शब्द लिहितो. त्या दिवशी 'सतर्कता' होता. पैसे गेल्याचा आणि ओटीपीचा संदेश मात्र इंग्रजीत.) अर्जात एक प्रश्न आहे : 'ग्राहकाने गोपनीय माहिती उघड केली काय? होय / नाही.' रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. म्हणजे पैशांचा सारा मामला त्या 'होय'पाशी येऊन थांबतो.

गुरुजींनी चष्म्यातून तो प्रश्न वाचला. "'उघड केली' की 'उघड झाली'?" त्यांनी विचारले. "वाक्याचा कर्ता कोण?"

मी म्हटले, "गुरुजी, छापील आहे. होय किंवा नाही."

"बरे," ते म्हणाले. "लिही मग."

मी 'होय'वर खूण केली. बँकेचा माणूस म्हणून दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. ज्याने मला कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतला फरक शिकवला त्याच्यासमोर मी ती खूण केली आणि त्याने ती मुकाट्याने पाहिली. वर जाताना म्हणाले, "तो संदेश एकदा नीट वाच. ती शेवटची ओळ कोणासाठी आहे ते मला समजले नाही. माझ्यासाठी नाही, एवढे समजले." आणि दारापर्यंत जाऊन परत फिरून म्हणाले, "पूर्वी तुमच्याकडे पितळेचे टोकन मिळायचे. तुमचा माणूस आकडा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडायचा, आणि पैसे कोणी पळवत नव्हते. कारण आकडा ऐकला तरी पितळ माझ्या मुठीत असायचे. आता नुसता आकडाच ठेवलात."

शब्दशः एवढेच बोलले. मी नंतर सुरक्षेवरची दोन प्रशिक्षणे घेतली, चहा-बिस्किटांसकट. त्यांत इतके सोपे कोणी सांगितले नाही.

माझा भाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऐरोलीला एका कंपनीत मोबाइलची अ‍ॅप्स बनवतो. १२ जानेवारी २०२४ पासून आमच्या उरणला लोकल आली, तेव्हापासून रविवारी जेवायला येण्याइतका जवळचा झाला. त्याला मी तो संदेश दाखवला.

"मामा, तो हॅश आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अ‍ॅपची ओळखखूण. त्या अकरा अक्षरांवरून फोनला कळतं की हा एसएमएस कुठल्या अ‍ॅपच्या हाती द्यायचा. मग अ‍ॅप त्यातला आकडा आपोआप उचलतं. तुला टाइप करायला नको."

"म्हणजे ही ओळ यंत्राने यंत्राला लिहिलेली आहे."

"असं म्हण हवं तर. पण हे चांगलं आहे रे. पूर्वी साधं बॅटरीचं अ‍ॅपसुद्धा तुझे सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागायचं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने ते आवळायचं जाहीर केलं. या हॅशमुळे अ‍ॅपला फक्त स्वतःचा एसएमएस मिळतो, बाकीचे नाही."

समीक्षकाने न्यायबुद्धी सोडू नये. ती शेवटची ओळ निरर्थक नाही. ती पहारेकरी आहे. एका अ‍ॅपने दुसऱ्याची पत्रे फोडू नयेत म्हणून ती तिथे उभी आहे, आणि आपले काम चोख बजावते. अख्ख्या संदेशात आपला वाचक कोण हे नेमके माहीत असलेली तेवढी एकच ओळ आहे.

"मग माणसासाठीची ओळ अशीच चोख का नाही? आणि मराठीत का नाही?" मी विचारले.

यावर भाच्याने मला जे सांगितले ते ऐकून मी आमटी वाढून घ्यायची विसरलो. एसएमएसची जागा ठरलेली आहे, १४० बाइट. इंग्रजी अक्षरे त्यात १६० बसतात. हा आकडाही गमतीने ठरलेला. १९८५ साली जर्मनीत बॉन इथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या गृहस्थांनी घरी टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्ये लिहून अक्षरे मोजली, माणसाला साधारण एवढ्यात आपले म्हणणे सांगता येते असे त्यांच्या ध्यानात आले, आणि जगाला १६० मिळाले. भल्या माणसाचा हेतू चांगला होता. पण त्यांच्या यंत्रावर वेलांटी नव्हती.

"एक जरी मराठी अक्षर घातलंस," भाचा म्हणाला, "की अख्खा एसएमएस दुसऱ्या मापाने मोजतात. १६० चे ७० होतात. आणि काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा."

"म्हणजे 'की' एक नव्हे?"

"दोन."

"'लक्ष्मी'?"

त्याने बोटे मोडून मोजले. ल, क, पायमोडका, ष, पायमोडका, म, वेलांटी. "सात."

लक्ष्मीला सात घरांचे भाडे! सत्तरच्या पुढे गेले की एकाचे दोन संदेश होतात आणि पैसे दुप्पट पडतात. शिवाय हॅशवाल्या संदेशाला गूगलची अट अशी की १४० बाइटांची हद्द ओलांडायची नाही. म्हणून, भाचा म्हणाला, कोणी मराठीच्या नादी लागत नाही.

मग त्याने हौसेने लॅपटॉप उघडला आणि आपले काम दाखवले. पडद्यावर एक फोन होता. खरा नव्हे, चित्रातला, पण चालणारा. त्याला एम्युलेटर म्हणतात. एक आज्ञा लिहिली की त्या नकली फोनला एका नकली नंबरावरून नकली एसएमएस येतो, अ‍ॅप त्यातला आकडा टिपते, हिरवी खूण उमटते आणि सर्वांना बरे वाटते. मी तो फोन बराच वेळ पाहिला. त्याला वीजबिल येत नाही. त्याला चाळिशी लागलेली नाही. रात्री साडेनऊला त्याच्या घरी अंधार व्हायचा नाही, आणि "घाबरू नका काका" असे त्याला कोणी म्हणणारही नाही. आमच्या गुरुजींचा ओटीपी या वाचकावर तपासून पास झालेला होता.

हे मी भाच्याला म्हटले तर तो रागावेल असे वाटले होते. पण तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मजकूर आम्ही लिहीत नाही. आम्हाला तयार मिळतो."

तेही खरे निघाले. असा प्रत्येक मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांच्या दप्तरी नोंदवावा लागतो. रक्कम, आकडा, दुकान, एवढ्या जागा रिकाम्या सोडायच्या आणि वेळ येईल तशा भरायच्या. म्हणजे सातवीच्या पेपरातला 'गाळलेल्या जागा भरा'. नोंदीबाहेरचा मजकूर पुढे जात नाही. ही गाळणी पहिल्यांदा कडक केली ती मार्च २०२१ मध्ये. त्या महिन्याच्या ८ तारखेला देशभर ओटीपी अडकून पडले, आणि ट्रायला सात दिवस सबुरीने घ्यावे लागले. तो दिवस मला आठवतो. काउंटरवर रांग लागली होती. हल्ली काउंटरला इतकी माणसे येत नाहीत म्हणून आम्हाला मनातून बरेही वाटले होते.

भाचा लोकलने गेला आणि मी वही घेऊन बसलो. सत्तर घरे. त्यांतली अकरा पहारेकऱ्याची आणि एक मधल्या मोकळ्या जागेचे. उरली अठ्ठावन्न. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मला शब्दांपेक्षा शिल्लक मोजणे बरे जमते. प्रिय ग्राहक काढून टाकला. त्याला वाईट वाटणार नाही. 'टीएक्सएन' काढला. दुकान काढले; ते नाहीतरी कोणाला कळत नाही. रक्कम उचलून सर्वांत पुढे आणली, कारण फोनच्या माथ्यावर सुरुवातीचेच शब्द दिसतात आणि माणूस तेवढेच वाचतो. रात्री साडेअकराला मजकूर तयार झाला :

'रु. ४९५०० जातील. आकडा ४८२९१३ कोणालाही सांगू नका.'

मोजले. काने, मात्रा, टिंबे, मोकळ्या जागा धरून अठ्ठेचाळीस. दहा शिल्लक! आमच्या ताळेबंदात इतक्या सहजपणे काही शिल्लक राहिल्याचे मला आठवत नाही. मराठी बसत नाही म्हणतात ती बसली होती. फक्त तिला कोणी 'बसा' म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर, घरे मोजलेल्या चौकटीसकट, मॅनेजरसाहेबांच्या सहीने मुख्य कार्यालयाकडे धाडला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, सूचना क्रमांक अमुक. उत्तर इंग्रजीत होते आणि त्याची सुरुवात 'डिअर कस्टमर' अशी होती.

पुढच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी पेन्शनसाठी आले. कार्ड त्यांनी परत केले आहे. आता फक्त स्लिप. मी त्यांना ती चौकट दाखवली. खरे म्हणजे मला शाबासकी हवी होती. गुरुजींनी खिशातून पेन काढले. तांबडे. इतक्या वर्षांनंतरही ते तांबडे पेन बाळगतात.

"'कोणालाही' कशाला? 'कुणाला' पुरे. आठाची सहा घरे झाली." त्यांनी काट मारली. मग पेन थोडा वेळ कागदावर तसेच धरून ठेवले.

"आणि 'सांगू' चूक आहे," ते म्हणाले.

"चूक कशी, गुरुजी? सगळ्या बँका तेच लिहितात."

"मी सांगितला होता का?" त्यांनी 'सांगू'वर रेघ मारली आणि वर आपल्या वळणदार अक्षरात 'दाखवू' असे लिहिले. मग पेनाच्या टोकाने द, काना, ख, व, उकार असे मोजले, आणि काटलेला शब्दही मोजून पाहिला.

"दोन्हीला पाचच घरे लागतात," गुरुजी म्हणाले, आणि टोपण लावून त्यांनी स्लिप पुढे सरकवली.